रेडिओ ऐकणारा माणूस रेडिओवर बोलायला कधी लागतो?

कुठल्याही निवेदकाला विचारा, "तुम्ही रेडिओकडे कसे वळलात?" उत्तर बहुतेक वेळा एका नावाने सुरू होतं. कुणी अमीन सयानींचं नाव घेतं, कुणी बाळ कुडतरकरांचं. न्यूझीलंडमधला माणूस असेल तर रेडिओ हौराकीच्या एखाद्या निवेदकाचं नाव येतं. "त्यांचा आवाज ऐकला आणि ठरवलं, आपणही हेच करायचं." छान वाटतं ऐकायला. पण संशोधन करणाऱ्याला इथेच थांबता येत नाही. सयानींचा आवाज लाखो घरांत पोचत होता आणि त्या लाखोंपैकी रेडिओत गेले ते मोजके. बाकीच्यांनीही तोच आवाज, त्याच आवडीने ऐकला होता. मग फरक कुठे पडला?

पॉडकास्टमध्ये या प्रश्नावर बोलताना वेळ कमी पडतो, म्हणून इथे तो जरा सावकाश उलगडू. तुम्ही भारतात असाल तर उदाहरणं ओळखीची वाटतील. तुम्ही पुकेकोहेसारख्या गावात राहत असाल, म्हणजे ऑकलंडच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर, लाल ज्वालामुखी माती आणि कांद्या-बटाट्याची शेतं यांच्या मधोमध, तर हा प्रश्न तुमच्यासाठी जास्तच नेमका आहे. तुमच्या घरातल्या मुलांना रेडिओवर, किंवा रेडिओसारख्या कशावरही, आपल्यासारखं बोलणारं कुणी ऐकू येतं का? आणि आलं तर त्यापुढे काय?

कुणालाही, पण तुलाच

आधी आवाजाचं बघू. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एक लेख लिहिला. रेडिओ, टीव्ही आणि सिनेमातल्या माणसांशी प्रेक्षक-श्रोत्यांचं एक विचित्र नातं तयार होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण त्या माणसाला ओळखतो, त्याची बोलण्याची ढब, त्याचा मूड ओळखतो. तो मात्र आपल्याला अजिबात ओळखत नाही. या एकतर्फी जवळिकीला त्यांनी 'पॅरासोशल' असं नाव दिलं. आज समाजमाध्यमांबद्दल बोलताना हा शब्द सर्रास वापरला जातो, पण तो आला रेडिओ-टीव्हीच्या त्या सुरुवातीच्या काळातून.

पुढे ब्रिटिश माध्यम-इतिहासकार पॅडी स्कॅनेल यांनी २००० साली यात एक बारकावा दाखवला. सभेतला वक्ता गर्दीशी बोलतो आणि ऐकणाऱ्याला आपण गर्दीतले एक आहोत हे कळत असतं. टेलिफोनवरचा माणूस फक्त तुमच्याशी बोलतो. रेडिओ या दोन्हींच्या मधे बसतो. तो 'कुणाशीही' बोलतो, पण ज्याच्या कानावर पडतं त्याला वाटतं, 'माझ्याशीच' बोलतोय. चांगल्या निवेदकाचं कसब नेमकं इथे असतं. समोर कुणीच नसताना, भिंतीला आवाज शोषणारं अस्तर लावलेल्या खोलीत बसून, एका माणसाशी बोलल्यासारखं बोलायचं.

आता यातून पेशाकडे कसं वळतात? रेडिओत चेहरा दिसत नाही. सिनेमातला नट पाहून मुलाला कळतं की आपलं नाक-डोळे तसे नाहीत, उंची तशी नाही. क्रिकेटपटू पाहून कळतं की मैदान, बॅट, प्रशिक्षक लागणार. रेडिओवर मात्र फक्त बोलणं असतं, आणि बोलणं तर प्रत्येकाकडे आहे. मग पोरगं वर्तमानपत्र हातात धरून बातम्या वाचायला लागतं, आवाज जरा खाली आणून स्वतःचं नाव घोषित करतं. साधनं काही लागत नाहीत. रेडिओचं काम बाहेरून जितकं सोपं वाटतं तितकं ते मुळीच नसतं, पण सोपं वाटल्यामुळेच नक्कल सुरू होते.

म्हणजे पहिल्या दोन गोष्टी झाल्या: जवळीक आणि नक्कल. या दोन्ही बहुतेक श्रोत्यांपर्यंत पोचतात. माणसं गळतात ती तिसऱ्या पायरीवर.

सयानींचं उदाहरण नीट बघितलं तर

अमीन सयानी (१९३२–२०२४) यांची 'बिनाका गीतमाला' ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून सुरू झाली. त्या काळात बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते आणि ऑल इंडिया रेडिओवर हिंदी सिनेमाच्या गाण्यांना जागा उरली नव्हती. श्रोते कोलंबोकडे वळले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप कोलंबोला जायच्या आणि तिथल्या ताकदवान लघुलहरींवरून तो आवाज भारतभर परत यायचा. सयानी नंतर सांगत की पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली आणि पुढे आठवड्याला ६५,००० पर्यंत आकडा गेला. प्रत्येक गाण्याच्या क्रमांकाला ते 'पायदान' म्हणत आणि 'भाइयों'च्या आधी 'बहनों' म्हणत.

ही लोकप्रियतेची बाजू सगळ्यांना माहीत आहे. आपल्या प्रश्नासाठी त्याआधीचा भाग महत्त्वाचा. सयानी रेडिओत आले ते थोरल्या भावामुळे. हमीद सयानी हे इंग्रजीतले नावाजलेले निवेदक. त्यांनी लहानग्या अमीनला मुंबई केंद्रात नेलं आणि तो मुलांच्या इंग्रजी कार्यक्रमांत बोलू लागला. आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत, तेही सोप्या हिंदुस्तानीत. अवघड शब्द टाळून सगळ्यांना कळेल असं बोलायचं, हे बाळकडू त्यांना तिथून मिळालं.

पुढे त्यांनी ऑल इंडिया रेडिओत हिंदी निवेदक होण्यासाठी आवाजाची चाचणी दिली आणि ते नापास झाले. त्यांच्या हिंदीत गुजराती-इंग्रजीची छटा आहे, असं कारण दिलं गेलं. रेडिओ सिलोनसाठी प्रायोजित कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण तेव्हा मुंबईत सेंट झेवियर्समधल्या स्टुडिओत होत होतं, आणि सयानी त्याच महाविद्यालयात शिकत होते. ते तिथे जाऊन बसू लागले, ऐकू लागले, आणि संधी मिळाली तेव्हा माईकपुढे उभे राहिले.

क्रम बघा. प्रेरणा होती, तयारीही होती, आणि तरी एका संस्थेने दार बंद केलं. जवळच दुसरं दार उघडं होतं म्हणून आपल्याला अमीन सयानी मिळाले. ते नसतं तर चांगला आवाज असलेला एक मुंबईकर म्हणून ते कुठल्या तरी कचेरीत नोकरी करत राहिले असते आणि त्यांचं नाव घेऊन कुणीही रेडिओत आलं नसतं. प्रेरणेच्या गोष्टी आपण ऐकतो त्या दार सापडलेल्यांच्याच असतात. ज्यांना ते सापडलं नाही, त्यांना मुलाखत द्यायला कुणी बोलावत नाही.

मराठी घरातले आवाज

मराठी श्रोत्यांसाठी मुंबई केंद्राचं वैशिष्ट्य जरा वेगळं होतं. बाळ कुडतरकर अनेक दशकं या केंद्राचा आवाज होते. 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी म्हणजे तेच. नीलम प्रभू (पुढे करुणा देव) मीनावहिनी आणि प्रभाकर जोशी पंत. तीन माणसं घरात बसून महागाई, पाहुणे, शेजारी यांवर बोलतायत, बस्स. ऐकणाऱ्यांना ते आपल्याच चाळीतलं बिऱ्हाड वाटायचं.

इथे आणखी एक गोष्ट घडत होती. बातम्यांची मराठी छापील वळणाची, तोलून-मापून बोललेली. पुण्याच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्यांतला सुधा नरवणे यांचा आवाज आठवत असेल तर हे लगेच कळेल. उलट 'कामगार सभा' गिरणगावातल्या माणसासाठी, आणि शेतीचे कार्यक्रम बांधावरच्या माणसासाठी. एकाच केंद्रावर अनेक प्रकारची मराठी ऐकू यायची. यामुळे श्रोत्याला दोन वेगवेगळे निरोप मिळत. बातम्यांतून कळायचं, 'असं शुद्ध बोलता आलं तर तुला इथे जागा आहे.' श्रुतिकेतून आणि कामगारांच्या कार्यक्रमातून कळायचं, 'तू बोलतोस तसंही इथे चालतं.'

दुसरा निरोप माणसांना धीर देतो. मनातल्या मनात स्वतःला त्या खुर्चीत बसवून बघता येतं ते त्यामुळे. दुष्काळी माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये २००८ पासून 'माणदेशी तरंग' हा सामुदायिक रेडिओ चालतो, तिथे हे ठळक दिसतं. गावातल्या बायका गावच्या बोलीत बोलतात आणि ओव्या गातात. ज्या बाईने आयुष्यात कधी 'निवेदिका' हा शब्द वापरला नाही, ती शेजारणीचा आवाज रेडिओवर ऐकते तेव्हा तिच्या डोक्यात येणारा विचार 'किती छान आवाज' एवढाच नसतो. 'ती बोलतेय तर मी का नाही?' असाही असतो.

आणि दार? आकाशवाणीने ते काही प्रमाणात मुद्दाम बांधलं होतं. मुलांचे कार्यक्रम होते. १९६९ मध्ये दिल्लीत 'युववाणी' सुरू झाली आणि मग इतर केंद्रांवरही तरुणांना माईक मिळू लागला. शिवाय नैमित्तिक निवेदकांची पद्धत होती: चाचणी द्या, पास व्हा, महिन्यातून काही पाळ्या करा. नोकरी कायमची नाही, पैसेही बेताचे. पण स्टुडिओत पाय ठेवता येत होता. चूक करायला जागा होती. शेजारी बसून शिकवणारा जुना माणूस होता.

न्यूझीलंडची गोष्ट: आधी एक बाई, मग एक बोट

न्यूझीलंडमध्ये डेझी मावशी, म्हणजे मॉड बॅशम, १९३०च्या दशकापासून १९६३ मध्ये मृत्यू होईपर्यंत रोज सकाळी गृहिणींशी बोलत. पाककृती, घरगुती युक्त्या, जाहिराती, सगळं एका दमात. कुणाशीही, पण तुलाच, हे सूत्र त्यांच्याइतकं फार थोड्यांना जमलं. पण त्यांच्याकडे बघून 'मीही' म्हणणाऱ्याला जायला जागा किती होती? प्रसारण सरकारी मक्तेदारीत होतं. केंद्रं ठरलेली, खुर्च्या मोजक्या.

ही कोंडी काही तरुणांनी फोडली. डेव्हिड गेप्स आणि त्यांच्या साथीदारांना खासगी केंद्राचा परवाना मिळेना, म्हणून त्यांनी 'टिरी' नावाची जुनी बोट घेतली, तिच्यावर मनोरा उभा केला आणि हौराकी आखातात, सागरी हद्दीच्या बाहेर राहून डिसेंबर १९६६ मध्ये प्रक्षेपण सुरू केलं. रॉक संगीत, तरुण आवाज, मधेच वादळाने हलणारी बोट. एक बोट फुटली, दुसरी आणली. एकूण १,१११ दिवस हे समुद्रावर चाललं आणि १९७० मध्ये त्यांना जमिनीवरचा परवाना मिळाला. बंदरात परतण्याच्या शेवटच्या फेरीत रिक ग्रँट हा निवेदक समुद्रात पडून बेपत्ता झाला. गमतीजमतीच्या या गोष्टीला एवढी किंमतही आहे.

हौराकी ऐकून कितीतरी मुलं रेडिओकडे ओढली गेली, आणि त्याचं कारण निव्वळ आवाज किंवा गाणी नव्हती. बोटीवरचे लोक विशी-तिशीतले होते, त्यांच्या चुका ऐकू यायच्या, बोट डुलली की रेकॉर्ड उडायची. सरकारी केंद्रातल्या गुळगुळीत आवाजापेक्षा हा आवाज श्रोत्याच्या जास्त जवळ होता. शिवाय मक्तेदारी सुटल्यावर खासगी केंद्रं वाढली, म्हणजे खुर्च्याही वाढल्या. प्रेरणा आणि जागा एकाच वेळी आल्या. एरवी असं क्वचित होतं.

पुकेकोहेत कुणाचा आवाज ऐकू येतो?

आता पुकेकोहेकडे येऊ. शेजारच्या गावाचं नाव बॉम्बे आहे. १८६०च्या दशकात वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या 'बॉम्बे' जहाजावरून ते पडलं. नावात मुंबई असली तरी इथल्या भारतीयांना सुखाने राहू दिलं गेलं असं नाही. भारतीय शेतकरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इथे भाजीपाला पिकवू लागले, बहुतेक गुजरात आणि पंजाबातून आलेले. १९२६ मध्ये याच गावात 'व्हाइट न्यूझीलंड लीग' स्थापन झाली. भारतीय आणि चिनी माणसांना जमीन मिळू नये, असा तिचा आग्रह होता. माओरींना आणि भारतीयांना सिनेमागृहात, न्हाव्याच्या दुकानात वेगळं वागवण्याची पद्धत इथे पुढे कित्येक वर्षं चालली.

अशा गावात घरातला रेडिओ काय सांगत होता, याची कल्पना करा. रेडिओत चेहरा दिसत नाही हे खरं, पण उच्चार ऐकू येतो. आपल्या घरातली भाषा, आपल्या उच्चारातलं इंग्रजी त्या पेटीतून कधीच बाहेर येत नसेल, तर ऐकणाऱ्या मुलाला जवळीक वाटेल, ते नक्कलही करेल, पण परक्या आवाजाची. वर जी तिसरी पायरी म्हटली ती त्याला दिसणारच नाही.

माओरींनी हे ओळखून भाषेच्या हक्कासाठी लढा दिला. वेलिंग्टनचं 'ते उपोको ओ ते इका' हे माओरी केंद्र १९८७ पासून नियमित चालू झालं आणि आज देशात वीसहून जास्त इवी केंद्रं आहेत. १९८९च्या प्रसारण कायद्यात अल्पसंख्याकांसाठीचे कार्यक्रम ही सार्वजनिक निधीची जबाबदारी ठरली. वेलिंग्टनमध्ये १९८१ पासून 'अ‍ॅक्सेस' रेडिओ चालू आहे, आणि ऑकलंडच्या 'प्लॅनेट एफएम'वर निरनिराळ्या भाषांचे गट स्वतः कार्यक्रम बनवतात. १९९६ मध्ये फिजीहून आलेल्या रॉबर्ट खान यांनी ऑकलंडमध्ये 'रेडिओ तराना' सुरू केला. १३८६ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरी जमिनीलगत लांब जातात, त्यामुळे कांद्याच्या शेतातल्या गाडीतही हिंदी निवेदन ऐकता येतं. लीगच्या स्थापनेनंतर बरोबर ७० वर्षांनी.

दारं बंद होतात तेव्हा

ही साखळी आपोआप टिकत नाही. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला होता. विरोध झाल्यावर तो थांबवला गेला. त्याच वर्षी ३० मार्चला न्यूझीलंडमध्ये 'टुडे एफएम' हे केंद्र सकाळचं प्रक्षेपण चालू असतानाच बंद पडलं. तिथे बहुतेक व्यावसायिक केंद्रं दोन कंपन्यांकडे आहेत आणि पूर्वी गावोगावी होणारं निवेदन आता एकाच ठिकाणाहून देशभर जातं.

अशा वेळी चर्चा होते ती श्रोत्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या नुकसानीची, आणि ती व्हायलाच हवी. आणखी एक नुकसान मात्र हिशेबात धरलं जात नाही. गावातलं लहान केंद्र ही शिकाऊ माणसाची जागा होती. रात्रीची पाळी, सुटीच्या दिवसाचा कार्यक्रम, कुणी फारसं ऐकत नाही अशी वेळ, इथेच नवा माणूस तयार व्हायचा. ती पाळी यंत्राकडे किंवा दूरच्या शहराकडे गेली की आवाज ऐकू येत राहतो, पण त्या आवाजापर्यंत जाणारा जिना काढून घेतलेला असतो.

"मग पॉडकास्ट आहे की!" असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तेच करतो, तेव्हा त्याला नाकारण्याचा प्रश्नच नाही. दार म्हणून पॉडकास्ट उत्तम आहे. चाचणी नाही, परवाना नाही. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. रेडिओ चुकून कानावर पडायचा: स्वयंपाकघरात आईने लावलेला, दुकानात चालू असलेला, बसमधला. पॉडकास्ट ज्याला हवा तोच शोधून, बहुधा कानात इअरफोन घालून ऐकतो. शेजारी बसलेल्या मुलाला त्यातलं काही ऐकू जात नाही. पहिली पायरीच चुकते.

तुम्ही काय करू शकता?

न्यूझीलंडमध्ये असाल तर एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. इथे ८७.६ ते ८८.३ आणि १०६.७ ते १०७.७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत, जास्तीत जास्त १ वॅट शक्तीने, ठरलेले नियम पाळून कुणीही एफएम प्रक्षेपण करू शकतं. वेगळा परवाना विकत घ्यावा लागत नाही. १ वॅट म्हणजे मोकळ्यावर काही किलोमीटर, पुकेकोहेसारख्या गावाचा बराचसा भाग त्यात येऊ शकतो. भारतात सामुदायिक रेडिओला १०० वॅटपर्यंत प्रभावी शक्ती मिळते, पण त्यासाठी संस्था लागते, अर्ज आणि मंजुऱ्या लागतात. इकडे शक्ती कमी आणि वाट मोकळी, तिकडे शक्ती जास्त आणि वाट लांब.

पण यंत्र ही शेवटची गरज. आधी घरात मराठी आवाज मोठ्याने लागू दे, इअरफोनशिवाय. आकाशवाणीची केंद्रं आता इंटरनेटवर आणि मोबाइलवर ऐकता येतात. वेळेचा फरक आहे, पण संध्याकाळी पुकेकोहेत भांडी घासताना पुण्याची दुपार ऐकायला हरकत काय? मग एखाद्या मुलाने नक्कल केली तर त्याचे उच्चार लगेच सुधारायला जाऊ नका. त्याच्या मराठीत किवी सूर असेल, तर सयानींच्या हिंदीतही गुजराती सूर होता. आणि मंडळाच्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन दरवर्षी त्याच दोन अनुभवी माणसांकडे जात असेल, तर त्यातली दहा मिनिटं कुणा चौदा वर्षांच्या पोरीला देऊन बघा. ती अडखळेल. शेजारी एक जाणकार माणूस बसवा, म्हणजे झालं.